कामापुरते दात

“ही कोणी घासली?” मी विचारलं.

खुर्चीतले काशिनाथकाका छताकडे बघत राहिले. त्यांची खालची कवळी माझ्या हातात होती. आतल्या बाजूला, पुढे, जिथे पाच दिवसांपूर्वी मी ट्रिमरचा हलका हात फिरवला होता, तिथे आता चांगली खोलगट वाटी झाली होती. आणि ती वाटी चकचकीत. मी केलेलं घासकाम इतकं गुळगुळीत कधी दिसत नाही, हे मला तेव्हाही कळलं आणि त्यामुळे राग आणखी वाढला.

“काका, मी विचारतेय. ही कवळी कोणी घासली?”

“मीच.”

“कशानं?”

“बारीक कानशीनं. मग पॉलिश पेपर मारला, मग सुती फडकं. तुमी खरखरीत ठेवलेली, बाय.”

भिंतीलगत स्टुलावर बसलेल्या सुमनकाकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कपाळावर हात मारला. “सांगत होते, नका हात लावू. ऐकतील तर ना!”

मी चोवीस वर्षं बोईसरमध्ये दातांचा दवाखाना चालवते. कवळी घरी घासून आणणारे पेशंट मी पाहिलेत. कोणी ब्लेडनं तासतं, कोणी फरशीवर घासतं, एकानं तर एमआयडीसीतल्या कंपनीतलं ग्राइंडर लावलं होतं. त्या सगळ्यांना मी झाडलंय. मला राग पटकन येतो आणि तो दारापलीकडच्या वेटिंगमध्येही ऐकू जातो.

“मी येते का तुमच्या घरी तुमच्या कामात हात घालायला?”

“या की,” काका म्हणाले. “शिकवीन.”

“करता काय तुम्ही?”

“डाय कोरतो.”

हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पाच महिने हा माणूस माझ्याकडे येत होता. अकरा हलणारे दात मी तीन बैठकांत काढले, हिरड्या भरून येईपर्यंत तीन महिने थांबवलं, मापं घेतली, कवळ्या बनवून दिल्या. काय खाता, किती गोड खाता, रात्री दात घासता का, सगळं विचारलं. दिवसभर काय करता हे विचारलं नाही. एकाहत्तर वर्षांचा माणूस घरीच असणार, असं मी धरून चालले होते.

आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. चिंचणी-तारापूरकडे घराच्या पडवीत बसून डाय कोरणारे कारागीर आहेत. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्यात दागिन्याची नक्षी उलटी कोरायची. सोन्याचा किंवा पितळेचा पातळ पत्रा त्याच्यावर दाबला की नक्षी पत्र्यावर उठते. पान, फूल, मोर, काय हवं ते. आता बरंच काम मशीनवर होतं. हातानं छिन्नी-हातोडी धरणारे मोजकेच उरलेत, आणि काशिनाथकाका त्यांतले.

“बरं, पण घासायची जागा कशी शोधलीत?” मी विचारलं. राग होता, पण कुतूहलही होतं.

“काजळ लावलं आतून. पातळ. मग घातली तोंडात नि चावलं. जितं काजळ पुसलं गेलं, तितं टोचतंय. सोप्पं.”

आम्हीही हेच करतो. आमच्याकडे त्यासाठी पांढरी पेस्ट येते, ती आतून लावायची, कवळी बसवायची, जिथली पेस्ट सरकली तिथे दाब आहे असं समजायचं. ही पद्धत मला कॉलेजात तिसऱ्या वर्षाला शिकवली होती. काकांना कोणी शिकवली नव्हती. मी ड्रॉवरमधून पेस्टची ट्यूब काढून त्यांना दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

“काजळ बरं,” ते म्हणाले. “काळं दिसतं तरी.”

तरीही त्यांनी घोटाळा केलाच होता. जागा बरोबर शोधली, पण घासली फार. कवळी हिरडीला सगळीकडून टेकली तरच स्थिर राहते. पुढे पोकळी झाल्यामुळे ती आता हलत होती, आणि हलणारी कवळी दहा जागी टोचते. मी ती पालघरच्या लॅबला पाठवली, आतून भरून आणायला. दुसऱ्या दिवशी लॅबच्या टेक्निशियनचा फोन आला.

“मॅडम, ये अंदर का पॉलिश किसने किया?”

“पेशंट ने.”

“उसको मेरे पास भेजो ना. इधर आदमी की जरूरत है.”

आता थोडं मागचं सांगते, म्हणजे माझी पंचाईत काय होती ते कळेल.

नवी कवळी बसवली की पहिले काही दिवस दुखतंच. हिरडी मऊ, कवळी कडक. मी प्रत्येकाला तेच भाषण देते. पहिले चार दिवस पेज, मऊ भात, वरण. घास लहान, दोन्ही बाजूंनी चावा. मोठ्यानं पेपर वाचा, म्हणजे जिभेला सवय होईल. कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा. झोपताना काढून पाण्यात ठेवा. टोचलं तर माझ्याकडे या, स्वतः काही करू नका. हे शेवटचं वाक्य काकांनी ऐकलं नाही, ते तुम्ही पाहिलंच.

पहिल्या आठवड्यात ते आले तेव्हा कवळी तोंडात नव्हतीच. सुमनकाकींनी पिशवीतून एक धुतलेला रुमाल काढला, त्यात कवळ्या. स्वच्छ, पुसून कोरड्या केलेल्या.

“तोंडात का नाहीत?”

“डाक्टरच्या हातात उष्टं कसं द्यायचं, बाय? काल संध्याकाळीच काढून धुतले.”

उष्टे दात! चोवीस वर्षांत हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. हसू आलं, पण समजावलं. फोड ताजा असला तरच मला दिसतो. कवळी काढून ठेवली की हिरडी रात्रीत निवते, मग मी कुठे बघू? शिवाय कवळी कोरडी ठेवायची नाही, ती वाकू शकते. येताना दात घालूनच या, उष्टे तर उष्टे. काकींना ते पटलं नाही, पण पुढच्या वेळी काका दात घालून आले आणि मला फोड दिसला.

खालच्या हिरडीवर, पुढे, जरा डावीकडे. लालभडक, मधे पांढरा ठिपका. मी आतून घासलं. आठवड्यानं परत त्याच जागी. परत घासलं. पाच दिवसांनी ते आले ते स्वतःच घासून. आणि लॅबमधून भरून आणलेली कवळी घालून चार दिवस झाले, तर पुन्हा तोच फोड, तीच जागा.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. एकाच जागी तिसऱ्यांदा फोड आला की आतून घासणं थांबवायचं आणि बाईट तपासायची. बाईट म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे टेकतात ते. फोड खाली असतो, दोष वर असतो. मी निळा कागद घेतला. हा कार्बनसारखा पातळ कागद असतो, दातांमध्ये धरून चावलं की जिथे दात टेकतात तिथे निळे ठिपके उठतात. काकांना ताठ बसवलं, चावायला सांगितलं. ठिपके दोन्ही बाजूंना सारखे, मागे नीट, पुढे काही नाही. पुस्तकात छापावी अशी बाईट.

मग टोचतंय कशामुळे? अशा वेळी आम्ही डॉक्टर लोक एक वाक्य बोलतो, ते मी बोलले.

“काका, जरा सवय करून घ्यायला हवी.”

काकांनी हात पुढे केला आणि अंगठा दाखवला. नखाच्या खाली टाक्यांची खूण होती.

“दात काढल्यावर बसलो होतो कामाला,” ते म्हणाले. “तोंड मिटलं की हिरडीवर हिरडी. पकड नाय. छिन्नी सटकली. तवा म्हटलं, कवळी आली की होईल. कवळी आली. तर मारायच्या वेळेला अशी कळ येते की हात थरथरतो. दोन ठोकळे फुकट गेले, बाय. पन्नास वरसांत माझा ठोकळा फुकट गेला नव्हता.”

“दातांचा आणि हाताचा काय संबंध?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी दात घासायच्या ब्रशचा उपयोग विचारणाऱ्याकडे पाहीन. “दात आवळल्याबिगर हात बसतो का कुनाचा?”

मग खरी गोष्ट सुमनकाकींनी सांगितली. त्यांचा मुलगा नीलेश एमआयडीसीत फिटर आहे. बापाच्या अंगठ्याचे टाके आणि ते दोन ठोकळे बघून त्यानं ठरवलं होतं की पुरे झालं. मुंबईचा एक व्यापारी जुनी हत्यारं विकत घेतो, म्हणे दागिन्यांच्या शोरूममध्ये काचेच्या कपाटात मांडायला. तो येत्या रविवारी येणार होता. नीलेशचं म्हणणं होतं, हात गेलाय, वय झालंय. काकांचं म्हणणं होतं, हात शाबूत आहे, दात टोचतात म्हणून होतंय.

“नि खरं काय ते यांनापण ठाव नाय,” काकी म्हणाल्या. “घरात रोज तेच. हात का दात, हात का दात. जेवण गोड लागत नाय.”

“जेवताना तरी त्रास होतो का त्यांना?” मी सवयीनं विचारलं.

“जेवताना कसा होईल? जेवताना काढूनच ठेवतात ना!”

माझ्या हातातला आरसा ट्रेवर पडला.

“काय?”

“काढून वाटीत ठेवतात नि जेवतात. ओल्या बोंबलाला दात कशाला लागतात? भात मऊच करते मी.”

“काका! दात जेवायला दिलेत मी तुम्हाला!”

“जेवायचं काय, हिरडीनं होतं,” काका शांतपणे म्हणाले. “दात कामाला घालतो. सकाळी नऊ ते बारा, मग दुपारी तीन ते उजेड जाईस्तोवर.”

मी डोक्याला हात लावला. चार वेळा मी या माणसाला ताठ बसवून, भाकरी चावल्यासारखं चावायला लावून तपासत होते, आणि तो त्या दातांनी एक घासही चावत नव्हता. फोड चावण्यानं येतच नव्हता. तो पडवीत येत होता, पोलादाच्या ठोकळ्यापुढे. मग तो तिथे बसून तपासायला हवा होता.

गुरुवारी माझा दवाखाना बंद असतो. मी मायक्रोमोटरची पेटी, म्हणजे कवळी घासायचं छोटं मशीन, स्कूटरच्या पायाशी ठेवली आणि चिंचणीला गेले. त्यांचं घर चिकूच्या वाडीत. पडवीत खिडकीखाली लाकडाचा बुटका ओंडका, त्यावर ठोकळा पकडायचा व्हाइस, बाजूला डब्यांत छिन्न्या. किती असतील? शंभर तरी. प्रत्येकीचं टोक वेगळं, आणि सगळ्या त्यांनी स्वतः घडवलेल्या.

“बसा कामाला,” मी म्हटलं. “मी इथे नाही असं समजा.”

“कसं समजू? तुमी खिडकीत उभ्या, उजेड अडतोय.”

मी बाजूला झाले. काका पाटावर बसले, उजव्या डोळ्याला भिंग लावलं, मान खाली घातली आणि डावीकडे वळवली. पालघरच्या एका सोनारासाठी पान कोरत होते. बोटाच्या पेराएवढं पान, मधे शीर, शिरेला फुटलेल्या बारीक शिरा. सगळं उलटं. दागिन्यात जे फुगीर दिसणार, ते इथे खोल. मी रोज तोंडात आरशातून उलटं बघून काम करते, त्यामुळे मला थोडा अंदाज आहे. पण माझ्याकडून चूक झाली तर सिमेंट भरता येतं. पोलादात एकदा गेलेली रेघ परत येत नाही. मी खरंच थक्क होऊन बघत राहिले.

मग दिसलं. हातोडी उचलताना ते श्वास धरत. खाली आणताना जबडा आवळत. दर ठोक्याला एकदा. मिनिटाला तीस-चाळीस ठोके असतील, म्हणजे दिवसाला किती, तुम्हीच हिशेब करा. आणि हे सगळं मान खाली घालून.

आता एक करून बघा. ताठ बसून दात हलकेच मिटा. मग मान पूर्ण खाली घाला आणि परत मिटा. खालचा जबडा जरा पुढे सरकलेला लागेल. ज्यांचे दात स्वतःचे आहेत त्यांना त्यानं काही होत नाही. कवळीवाल्याला होतं. मी ताठ बसवून जी पुस्तकी बाईट तपासली होती, ती मान खाली गेली की उरतच नव्हती.

“तोंड उघडा,” मी म्हटलं आणि निळा कागद दातांमध्ये घातला. “आता मारा.”

“कागद घालून?”

“कागद घालून. नेहमीसारखं.”

काका हसले, कागद बाहेर आला, परत घातला. “पन्नास वरसांत अशी डाय कुनी मारली नसंल,” ते कागदासकट पुटपुटले, आणि एका रद्दी ठोकळ्यावर चार ठोके मारले.

कवळी काढून उजेडात धरली. मागच्या दातांवर एकही ठिपका नाही. पुढे डावीकडे दोन दातांवर गडद निळे डाग. सगळा जोर त्या दोन दातांवर. टेबलाच्या एका कोपऱ्यावर बसलं की दुसरा कोपरा वर येतो, तशी कवळी दर ठोक्याला मागून उचलली जात होती आणि पुढे हिरडीत रुतत होती.

मी घासायला घेतलं. त्यांच्यावर टेकणाऱ्या वरच्या दोन दातांची आतली कड थोडी उतरवली, कागद, ठोके, बघितलं. परत थोडी. ताठ बसवूनही दर वेळी तपासलं, नाहीतर हे नीट करताना ते बिघडायचं. नऊ वेळा झालं. काका प्रत्येक वेळी कवळी माझ्या हातातून घेऊन भिंगातून बघत आणि “अजून हितं हाय” किंवा “बस, आता नको” म्हणत. मी त्यांचं ऐकत होते. कॉलेजातल्या सरांचंही मी इतकं ऐकलं नव्हतं. नवव्या वेळी मान खाली घालूनही मागे दोन्हीकडे ठिपके उठले.

तेवढ्यात नीलेश पहिली पाळी संपवून आला. हेल्मेट हातातच, दारात उभा राहिला.

काकांनी रद्दी ठोकळा पालटला. श्वास धरला. ठोका मारला.

रेघ तिरकी गेली. केसभर. मला तर दिसलीही नसती, पण त्यांनी भिंग काढून खाली ठेवलं, त्यावरून समजलं.

“बाबा,” नीलेश हळू म्हणाला, “पुरे ना आता.”

काकांनी हातोडी ठोकळ्याशेजारी ठेवली. “बघितलंत, बाय? दात नाय. हात.”

नऊ वेळा घासून मी त्यांच्या मुलाचंच म्हणणं सिद्ध करून दिलं होतं की काय? पण मी हट्टी आहे. आणि आत्ताच घासलेली बाईट इतकी नीट होती की दोष हातावर ढकलायला मन तयार होईना.

“एकदा परत मारा,” मी म्हटलं आणि त्यांच्या दोन्ही गालांवर, कानाच्या जरा पुढे, बोटं ठेवली. दात आवळले की तिथे एक गाठ फुगते. तो चावण्याचा स्नायू. हातोडी वर गेली, गाठ फुगली. हातोडी खाली येऊ लागली, आणि ठोका पडायच्या आधीच गाठ सैल पडली.

परत मारायला लावलं. परत तेच. तिसऱ्यांदाही तेच.

“काका, तुम्ही ऐन वेळी सोडून देताय.”

“मी नाय सोडत.”

“तुम्ही नाही, तुमचा जबडा सोडतोय. तिथे अजून फोड आहे. महिनाभर प्रत्येक ठोक्याला कळ आलीय, आता कळ यायच्या आधीच तो घाबरतो. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो ना, तसं झालंय.”

नीलेशनं माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, हे खरं की त्यांना बरं वाटावं म्हणून?”

प्रश्न रास्त होता. “दोष बाईटमध्ये होता, हे खरं,” मी म्हटलं. “हातात आहे की नाही, हे मला आज सांगता येणार नाही. आधी फोड बरा होऊ दे. आठ दिवस दात नाहीत आणि काम नाही. मग दोन-तीन दिवस नुसते दात, काम नाही. मग मऊ शिशाच्या तुकड्यावर ठोके, मग पोलाद. त्या व्यापाऱ्याला दोन रविवार थांबवा.”

“मी काय दुश्मन आहे का त्यांचा?” नीलेशनं हेल्मेट खाली ठेवलं. “अंगठ्यातून रक्त थांबत नव्हतं तेव्हा मीच घेऊन गेलो दवाखान्यात. मला भीती वाटते, मॅडम. थांबवतो. पण नंतर तुम्ही खरं सांगायचं. हाताचं असेल तर हाताचं.”

“सांगेन,” मी म्हटलं. काका खिडकीबाहेर बघत होते. आपल्या हातांबद्दल आपल्यासमोर दोन माणसं असं बोलताहेत, हे त्यांना आवडलं नसणार.

खरं सांगते, त्या दोन आठवड्यांत मी चार वेळा फोन उचलला आणि ठेवला. समजा फोड गेला आणि रेघ तरीही चुकली, तर मी काय सांगणार होते? म्हणजे मी दिलेला शब्द पाळायचा, आणि एका कारागिराला त्याच्या पाटावरून उठवायचं. दात काढणं मला जमतं. हे जमलं नसतं.

सोळाव्या दिवशी, एका दुपारी, ते अपॉइंटमेंट न घेता आले. काकी सोबत. बाहेर सालवडची दोन माणसं दाढ धरून बसली होती, त्यांच्या पुढे घुसून काका सरळ आत. खुर्चीत बसले नाहीत. खिशातून फडक्यात गुंडाळलेला ठोकळा काढून माझ्या ट्रेवर ठेवला. ठण्ण झालं.

“आधी तोंड,” मी म्हटलं.

तोंड उघडलं. दात आत होते. काढून हिरडी पाहिली. गुलाबी. बोटानं दाबली. काही नाही. त्यांनी मान खाली घातली, मी कागद लावला, ठिपके मागे दोन्हीकडे.

मग मी माझं ऑपरेशनचं भिंग डोळ्यांना चढवलं आणि ठोकळा पाहिला. पान. मधली शीर सरळ गेलेली, बाजूच्या शिरा टोकाशी इतक्या बारीक की कुठे संपतात ते कळत नव्हतं. प्रत्येक शिरेची खोली सारखी. मी रोज मिलिमीटरच्या भागांत काम करते, आणि मला हे दहा जन्मांत जमणार नाही. तसं मी मोठ्यानं म्हटलंही. बाहेरचे दोघं आत डोकावले, त्यांनाही दाखवलं.

काकांना कौतुकाचं काही पडलं नव्हतं. “खालून तिसरी शीर बघा, बाय.”

“पाहिली. छान आहे.”

“नीट बघा. मधे जाड गेलीय.”

मला काही दिसलं नाही. त्यांनी नखाच्या टोकानं दाखवली तेव्हाही मी नुसती मान हलवली.

“ती माझ्या हाताची,” काका म्हणाले. “दातांची नाय. कळ नव्हती, जबडा सैल नव्हता, तरी गेली. वय झालंय, तेवढं खरं. पोराला तसंच सांगा.”

“आणि बाकीच्या?”

“बाकीच्या पन माझ्याच.”

सुमनकाकी पदरानं डोळे पुसत हसल्या. मी तिथूनच नीलेशला फोन लावला आणि हे शब्दाला शब्द सांगितलं. तो म्हणाला, “व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवतो.” आणि मग त्याच्यातला फिटर जागा झाला. “मॅडम, मी त्यांना लोखंडी स्टँड करून देऊ का? ठोकळा उंच आला तर मान वाकवावी लागणार नाही.”

“खबरदार!” मी ओरडले. “ठोकळा आहे तिथेच राहू दे. मान सरळ झाली तर मला परत नऊ वेळा घासावं लागेल.”

धडा म्हणाल तर एवढाच. पेशंट म्हणतो टोचतंय, आपण म्हणतो सवय होईल. बहुतेकांना होते, म्हणून आपलं फावतं. हिरडी, कवळी, कागद, सगळं मी नियमानं तपासलं होतं. त्या संध्याकाळी काकांचा केसपेपर फाइलला लावताना वर नजर गेली. नाव, वय, गाव. पुढे ‘व्यवसाय’ असा रकाना असतो, तो मी इतक्या वर्षांत एकदाही वाचला नव्हता. तिथे लिहिलं होतं, ‘काही नाही, घरीच’. पहिल्या दिवशी रिसेप्शनच्या मुलीनं विचारायचं म्हणून विचारलं असणार, आणि सोबत आलेल्या नीलेशनं सांगितलं असणार. मी पेन घेऊन ते खोडलं आणि वर ‘डायमेकर’ लिहिलं. डॉक्टरी अक्षरात लिहिलंय, त्यामुळे रिसेप्शनच्या मुलीला ते अजून वाचता येत नाही.